टाकळा कोणत्या कप्प्यात?

नव्यानं स्वतःचं संकेतस्थळ काढणारा माणूस लिहायला बसण्याआधी मेनू करायला बसतो, आणि पहिला वाद तिथंच होतो. घरात दुसरं कुणी असेल तर त्याच्याशी, नसेल तर स्वतःशी. पुढच्या संवादातली दोन माणसं मी रचलेली आहेत. मावशी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. निवृत्तीनंतर रानभाज्यांवर लिहू लागली आहे. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे; त्यानं तिला वर्डप्रेसवर जागा करून दिली आहे. वाद मात्र रचलेला नाही, तो बऱ्याच घरांत ऐकू येतो.

भाचा : मावशी, साइट उभी राहिली. वरची पट्टी बघ आता. पालेभाज्या, फळभाज्या, फुलांच्या भाज्या, कंद, कोकण, घाटमाथा, विदर्भ, उन्हाळा, पावसाळा, पाककृती, औषधी उपयोग, आठवणी, माझ्याविषयी.

मावशी : बरीच झाली रे. लेख किती टाकलेत आपण?

भाचा : चार. टाकळा, शेवळं, कुरडू आणि ती काळजी घेण्याबद्दलची टिपणी. पण पुढे होतीलच ना! जागा आधी करून ठेवली की लिहिताना सोपं.

मावशी : 'विदर्भ' दाब बरं.

भाचा : इथं सध्या काही नाही, असं येतंय.

मावशी : 'कंद'?

भाचा : तेच.

मावशी : दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा दाबत नाही. आमच्याकडे नवा वाचक यायचा. लागोपाठ दोन पुस्तकं 'बाहेर गेलीत' म्हटलं की पुढच्या महिन्यात वर्गणी भरायला फिरकायचा नाही.

भाचा : हे तू म्हणतेस? पुस्तकांना नंबर घालण्यात सगळी नोकरी गेली तुझी. मला वाटलं, कप्पे बघून खूश होशील.

मावशी : नंबर घालण्यात गेली म्हणूनच सांगते. ड्यूईनं दशांश वर्गीकरण काढलं 1876 साली, अमेरिकेत. सगळं ज्ञान दहा भागांत. धर्माला 200 चं घर. त्यातली 220 पासून 289 पर्यंतची जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, उरलेल्या जगाचे सगळे धर्म 290 मध्ये दाटीवाटीनं. हिंदू धर्म 294.5. आता आमच्या वाचनालयात गीतेवरची भाष्यं, व्रतवैकल्यं, पुराणं, सगळी 294.5 च्या पुढे आकडे जोडत जोडत जायची. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी मावायची नाही. आणि 220 ते 289 च्या फळीवर दोन-चार पुस्तकं, ऐसपैस. इंग्रजी साहित्याला सुटसुटीत 820, आपल्या मराठीला 891.46. यात ड्यूईला दोष देऊ नये. त्याच्यासमोर जी पुस्तकं होती, त्यांच्यासाठी त्यानं कप्पे केले. दुसऱ्याच्या पुस्तकांचे कप्पे आपण उचलले, म्हणून आपली अडचण झाली. तू हे कुठून आणलेस?

भाचा : दोन-तीन मोठ्या रेसिपीच्या साइट बघितल्या.

मावशी : तेच म्हणते मी.

भाचा : बरं, कमी करू. पण टाकळा कुठं टाकायचा, सांग. पालेभाजी आहे, पावसाळ्यात येतो, कोकणात खातात...

मावशी : विदर्भातही खातात. तरोटा म्हणतात तिकडे.

भाचा : म्हणजे विदर्भही आला. शिवाय आत पाककृती आहे, आणि आजीची आठवणही. एका लेखाला इतके कप्पे आपोआप झाले! तुमच्याकडे एक पुस्तक एकाच फळीवर बसतं. इथं एक लेख पाच ठिकाणी बसतो. एवढी सोय आहे ती वापरायची नाही?

मावशी : ही अडचण रंगनाथनांनी ओळखली होती. मूळचे गणिताचे प्राध्यापक, 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, 1933 साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही विषयाला अनेक अंगं असतात. मुख्य वस्तू कोणती, कशाची किंवा कोणत्या भागाची गोष्ट आहे, तिच्यावर क्रिया काय होते, कुठे आणि केव्हा. तुझा टाकळा नेमका बसतो बघ त्यात. झाड टाकळा, भाग कोवळी पानं, क्रिया शिजवणं, स्थळ कोकण, काळ आषाढ.

भाचा : म्हणजे रंगनाथन माझ्या बाजूचे.

मावशी : अर्धेच. ही अंगं ओळीनं लावून त्यांनी शेवटी एकच वर्गांक केला, कारण पुस्तकाला उभं राहायला जागा एकच लागते. अंगं किती आहेत हे लिहिणाऱ्यानं ओळखायचं. वाचकापुढे पाच याद्या टाकून 'शोध तुझं तू' म्हणायचं नाही. वाचकाच्या वेळेची काळजी हे त्यांच्याच पाच सूत्रांतलं एक. मला सांग, रानभाज्यांचा वाचक काय विचारत येतो? बाजारात ही जुडी दिसली, ही काय आहे आणि कशी करायची? या महिन्यात काय मिळेल? हे खाल्लं तर बाधेल का? 'कंद' असा प्रश्न मनात घेऊन कोण येतं?

भाचा : मग वर्ग दोनच ठेव आणि बाकीचं टॅगमध्ये टाक. वर्डप्रेस 2003 साली आलं, टॅग त्यात 2007 साली आले, कारण नुसत्या वर्गांवर लोकांचं भागेना. वर्गाच्या पोटात उपवर्ग करता येतो. टॅग सगळे एका पातळीवर, सुटे. हवे तेवढे लावा.

मावशी : टाकळ्याला कोणते लावलेस?

भाचा : टाकळा, टाकळ्याची भाजी, रानभाजी, रानभाज्या, पावसाळी भाजी, मान्सून, पारंपरिक, आरोग्य.

मावशी : आणि शेवळांना?

भाचा : शेवळं, रानभाजी, पावसाळ्यातल्या भाज्या, जून.

मावशी : म्हणजे 'पावसाळी भाजी' दाबली की टाकळा एकटा, 'पावसाळ्यातल्या भाज्या' दाबलं की शेवळं एकटी. आणि 'रानभाजी' सगळ्यांनाच. अरे, अख्खी साइटच रानभाज्यांची आहे, तो टॅग कुणाला कुणापासून वेगळं करणार?

भाचा : हं. आणि प्रत्येक टॅगचं एक वेगळं पान तयार होतं. म्हणजे चार लेखांमागे एकेका लेखाची दहा-बारा पानं उगाच.

मावशी : आमच्याकडे विषयशीर्षकांची यादी असायची. 'विहीर' की 'विहिरी' हे एकदा ठरलं की ठरलं. दुसरं रूप मनात आलं तरी तालिकेत लिहायचं नाही. तुला टॅग हवेच असतील तर वहीत आठ-दहा नावं लिहून काढ आणि त्याबाहेर जाऊ नकोस. नवं नाव घालायचं तर त्याखाली बसणारे तीन लेख आधी दाखव मला.

इथं मला मध्ये बोलायचं आहे. टॅग लेख पुरा झाल्यावरच्या थकव्यात लिहिले जातात, म्हणून त्यांत विचार कमी आणि आशा जास्त असते. 'आरोग्य' लिहिलं की आरोग्य शोधणारे येतील ही ती आशा. मी पाहिलेल्या बहुतेक नवख्या साइटींत लेखांपेक्षा टॅगच जास्त असतात. भाच्याचा पुढचा पवित्रा त्यामुळे मला अनपेक्षित वाटला नाही. एक टोक जमलं नाही की माणूस दुसऱ्या टोकाला जातो.

भाचा : खरं सांगू का? हा सगळा खटाटोपच फुकट आहे. मेनूतून येतं कोण? लोक गुगलवरून येतात, नाहीतर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवतं. वर्ग नको, टॅग नको. नवा लेख वर, जुना खाली. मिटलं.

मावशी : म्हणजे दाखल नोंदवही.

भाचा : ती कसली?

मावशी : वाचनालयात पुस्तक आलं की आधी त्या वहीत चढतं. तारीख, क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, कुणाकडून घेतलं. एकपासून सुरू, मधला एकही आकडा गाळायचा नाही, खाडाखोड नाही. तपासणीला येणारे पहिल्यांदा तीच मागतात. पण वाचकाला कुणी ती वही चाळायला देत नाही.

भाचा : पण तूच मागे सांगत होतीस की तुमच्याकडे पुस्तकं त्या नंबरानंच लावलेली असायची.

मावशी : कथा-कादंबऱ्या, हो. वाचक आत येतच नसे. टेबलापाशी उभा राहून याद्या चाळायचा. एक लेखकवार, एक विषयवार. चिठ्ठीवर चार नंबर लिहून द्यायचा, शिपाई त्यातलं जे असेल ते आतून आणायचा. फळीवर शेजारी कोणतं पुस्तक आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

भाचा : मग माझंच खरं झालं! तारखेचा क्रम राहू दे.

मावशी : राहू दे की. यादी कुठाय?

माझ्या मते सगळा वाद या दोन शब्दांपाशी येऊन ठेपतो. लेख कोणत्या क्रमानं साठवले आहेत हा एक प्रश्न आणि वाचकाला ते कसे दाखवायचे हा दुसरा. नवखा माणूस दोन्ही एकच समजतो. साठवण तारखेनं झाली तर काही बिघडत नाही. यंत्राला तेच सोपं जातं. दाखवायचं काम मात्र हातानं केलेल्या यादीचं आहे, आणि ते यंत्र करून देईल या भरवशावर बहुतेक साइटी वर्षानुवर्षं यादीवाचून चालतात.

मावशी : शेवळांचंच घे. पहिल्या पावसाच्या आगेमागे कोंब वर येतात. थोडे दिवस ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात, मग संपलं. लेख तू जूनमध्ये टाकलास. श्रावणात करटोली येतील, त्यांच्यावर लिहीन. मग आणखी काही. दिवाळीपर्यंत शेवळं तळाला. आणि पुढच्या जूनमध्ये लोकांना तो लेख हवा असेल त्या दिवशी तो सगळ्यात खाली!

भाचा : जूनमध्ये तारीख बदलून वर आणू. पुष्कळ जण करतात.

मावशी : तारीख बदलायची? मी ती शेवळं बघितली त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, लेखात तसं लिहिलंय. तारीख पुढे ढकललीस की माझी नोंद खोटी झाली.

भाचा : मग तारीख दाखवूच नको. जुनी तारीख दिसली की माणूस पान बंद करतो.

मावशी : करू दे. झाडाच्या नोंदीला तारीख नसेल तर ती ऐकीव गोष्ट झाली. मी पानांवर किडे कधी बघितले, फूल कधी आलं, हे वर्षासकट हवं.

भाचा : पण तुला महिन्यानुसार यादीही हवी आणि लेखावर मूळ तारीखही हवी. दोन क्रम एकत्र नांदणार कसे?

मावशी : मराठीत ते फार पूर्वीच नांदले आहेत. म्हाइंभटांनी लीळाचरित्र केलं ते काळाच्या ओघानं. चक्रधरस्वामी कुठे होते, समोर कोण होतं, काय घडलं, मग ते काय म्हणाले. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग. त्यांतली स्वामींची वचनं केशिराजबासांनी वेचली आणि सूत्रपाठात विषयवार लावली. विचाराची एकीकडे, आचाराची एकीकडे. पाठ करणाऱ्याला, त्याप्रमाणे वागणाऱ्याला तेच सोयीचं. तोच मजकूर, मांडण्या दोन.

भाचा : आणि दोन्ही टिकल्या?

मावशी : दोन्ही. पण विषयवार लावल्यावर वचन कोणत्या प्रसंगी निघालं तो धागा सुटला. म्हणून पुढे 'प्रकरणवश' नावाचं लेखन झालं. या सूत्रामागचा प्रसंग अमुक, असं सांगणारं.

भाचा : म्हणजे लिंकच की!

मावशी : लिंक म्हण. विषयवार मांडायचं तर मूळ नोंदीकडे परतायची वाट ठेवावी लागते. आणि मूळ नोंदीवर तारीख हवीच.

भाचा : ठीक आहे. मूळ तारीख ठेवू, आणि मजकुरात बदल केलास तर त्याची तारीखही खाली दाखवू. वर्डप्रेस दोन्ही वेगळ्या जपतं.

मावशी : हे चालेल मला.

भाचा : आता माझं एक ऐक. तू यादी-यादी करतेस, पण यादीच्या पानावर बहुतेक जण पोचतच नाहीत. समज, एखाद्या बाईनं बाजारातून शेवळं आणली, मोबाइलवर 'शेवळाची भाजी' शोधली आणि ती थेट आपल्या शेवळाच्या लेखावर उतरली. तुझी काळजीची टिपणी कुठाय?

मावशी : स्वतंत्र लेख आहे ना तो. सगळ्यात आधी तोच लिहिला मी.

भाचा : तिनं तो पाहिलेलाच नाही. शेवळाच्या लेखात तू सरळ कृती दिलीस, आणि खाजेबद्दल लिहिलंस 'पूर्वी सांगितल्याप्रमाणे'. पूर्वी म्हणजे कधी? तिच्यासाठी हेच पहिलं पान आहे.

मावशी : पुस्तकात प्रस्तावना आधी येते रे.

भाचा : इथं येत नाही. प्रत्येक लेख कुणाच्या तरी वाट्याला पहिलाच येतो.

मावशी : केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, त्यांतले पहिले पाच नुसते प्रस्तावनाखंड, विषयवार. अकारविल्हे मजकूर त्यांच्यानंतर सुरू होतो. आणि सूचीसाठी पुन्हा स्वतंत्र खंड. आधी जगाचा पट समजून घ्या, मग सुटी माहिती बघा, असा त्यांचा आग्रह.

भाचा : आजचा वाचक थेट 'टाकळा'वर उतरला असता. पाच खंड कोण उघडणार?

मावशी : तेव्हाही फारसं कुणी उघडत नव्हतं. देवघेवीच्या टेबलावर मी बसत होते, मला माहीत आहे. बरं, तुझं मान्य. शेवळं ही सुरणाच्या गोतातली. दोघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून शेवळांत काकडाची आंबट फळं घालतात, ती नाही मिळाली तर चिंच. हे कृतीच्या वर गेलं पाहिजे, पहिल्या चार ओळींत. सुरणावर लिहीन तेव्हा तिथं पुन्हा, अळूवर लिहीन तेव्हा पुन्हा.

भाचा : पुनरुक्ती होईल.

मावशी : होऊ दे. आणि 'पूर्वी सांगितल्याप्रमाणे', 'मागच्या लेखात', 'यंदा', 'गेल्या आठवड्यात' हे सगळं शोधून काढ. जिथं 'यंदा' असेल तिथं वर्ष घाल. मागच्या लेखाचा उल्लेख असेल तर त्याचं नाव लिहून लिंक दे.

या एका मुद्द्यावर मी पूर्ण भाच्याच्या बाजूनं आहे. छापील पुस्तकाची सवय असलेला लेखक वाचक सुरुवातीपासून आपल्यासोबत चालत आला आहे असं धरून लिहितो. वेबवर असा सोबती क्वचितच असतो. पाककृती, औषध, कायदा, पैसा यांवर लिहिणाऱ्यानं तर इशारा दुसऱ्या पानावर ठेवणं धोक्याचंच.

मावशी : आता नावांचं बोलू. शोधखिडकीत 'तरोटा' लिही.

भाचा : काही आलं नाही.

मावशी : टाकळ्याचा लेख असून?

भाचा : लेखात तू तरोटा शब्द लिहिलेला नाहीस. साइटच्या आतली शोधखिडकी नुसती अक्षरं जुळवते. गुगल थोडंफार सांभाळून घेतं, ही नाही.

मावशी : म्हणजे चंद्रपूरची बाई तरोटा शोधून रिकामी परत गेली. करटोलीला कुणी कंटोळी म्हणतं, कुणी कर्टुली, कुणी रानकारली. फोडशीला कुणी कुलू म्हणतं. आमच्या तालिकेत यासाठी नुसती एक ओळ असायची. 'तरोटा : टाकळा पाहा.' बास.

भाचा : लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच सगळी नावं घालू. रोमन लिपीतलं एक स्पेलिंगही. लोक मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवर लिहितात. आणि तुझ्या त्या 'पाहा'च्या ओळी यादीत.

मावशी : पण अकारविल्हे यादी नाव माहीत असणाऱ्याच्याच उपयोगाची. विश्वकोश वाईहून निघाला तो अकारविल्हे, पहिला खंड 1976 सालचा. आता त्याच विश्वकोशाची ज्ञानमंडळं झालीत, विषयवार, वेबवर. ज्याला नावच माहीत नाही त्याचं काय? बाजारात जुडी हातात आहे, विकणारीनं सांगितलेलं नाव ऐकू आलं नाही.

भाचा : फोटो. प्रत्येक नावापुढे जुडीचा छोटा फोटो. रोपाचा शेतातला फोटो आत राहू दे. यादीत बाजारात दिसते तशी जुडी.

मावशी : वा. हे आमच्या तालिकेला कधीच जमलं नसतं.

लिंकच्या पत्त्यावरून दोघांचं पुन्हा वाजलं. भाच्याचं म्हणणं, पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा हवा. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पत्त्यात ते टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांत लिहिलं जातं. वर्डप्रेस लेखाच्या नावाला पत्त्यात 200 अक्षरांची जागा देतं. काना, मात्रा, वेलांटी सगळं मोजून बावीस चिन्हं झाली की जागा संपते आणि शीर्षक मध्येच तुटतं. मावशीच्या लेखाचं शीर्षक 'टाकळ्याची भाजी आणि आजीची पावसाळी दुपार' असं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची लिंक टाकली तर टक्क्यांच्या खुणांचा ढीग दिसे. मावशीचं म्हणणं, मराठी साइटचा पत्ता मराठीत का नको? 'टाकळा' एवढाच ठेव, पाच चिन्हांत बसतो. मला इथंही भाच्याचं पटतं, लिंक बघून घाबरणारे लोक मी बघितले आहेत. मावशीला ते पटलं नाही, आणि साइट तिची आहे.

भाचा : पत्त्याबद्दल एक तरी ऐक. वर्गाचं नाव पत्त्यात घालायचं नाही. वेब ज्यांनी काढलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच 1998 साली लिहून ठेवलंय, पत्त्यात विषय घालू नये, कारण आज केलेली विभागणी उद्या बदलते. तू उद्या टाकळा 'पालेभाज्या'तून 'आषाढ'मध्ये नेलास की पत्ता बदलणार, आणि कुणाच्या तरी फोनवर पडलेली जुनी लिंक चुकणार.

मावशी : मग पत्त्यात काय चालतं म्हणे?

भाचा : लेख तयार झाल्याची तारीख. ती बदलत नाही.

मावशी : बघ! आणि तू ती लपवायला निघाला होतास.

भाचा : बरं बाई. आता ठरव, वर काय ठेवायचं?

मावशी : दोनच वर्ग. 'भाज्या' आणि 'इतर लेखन'. आजीच्या आठवणी, बाजाराच्या गोष्टी, सगळं इतरमध्ये. काही निवडायचं राहून गेलं की लेख त्या 'अनकॅटेगराइज्ड'मध्ये जाऊन पडतो ना? त्याचं नावच बदलून 'इतर लेखन' कर. आणि मेनूत पहिलं नाव 'अनुक्रमणिका'.

भाचा : ते पोस्ट करायचं नाही, पान करायचं. पोस्ट तारखेच्या रांगेत खाली जाते, पान आपल्या जागी राहतं. आत काय?

मावशी : आधी महिने. ज्येष्ठात शेवळं, आषाढात टाकळा, कुरडू, फोडशी, असं. कंसात इंग्रजी महिना. प्रत्येक नावापुढे तुझा फोटो आणि माझी एक ओळ. 'पानं कोवळी हवीत, फूल आलं की घेऊ नका.' 'काकडाशिवाय करू नका.' त्याखाली अकारविल्हे नावं, 'पाहा'सकट. प्रत्येक लेखाच्या शेवटी अनुक्रमणिकेची लिंक.

भाचा : एक प्लगइन आहे. लेख टाकला की यादी आपोआप तयार होते. हातानं कशाला?

मावशी : ती ओळ कोण लिहिणार?

भाचा : लेखाची पहिली ओळ घेतं ते.

मावशी : टाकळ्याच्या लेखाची पहिली ओळ 'आमच्या परसात चाफा होता' अशी आहे.

भाचा : चार लेखांना हातानं जमेल. दोनशे झाल्यावर?

मावशी : दोनशे झाले तर बघू.

भाचा : रंगनाथनांचं पाचवं सूत्र काय आहे? ग्रंथालय वाढत जातं. मग वाढीची सोय आधी नको करायला?

मावशी : वाढतं म्हणूनच आधी ठरवायचं नाही. कोणत्या बाजूनं वाढेल हे कुणाला माहीत? मी उद्या फक्त रानातल्या फुलांवरच लिहीत सुटले तर? वीसेक लेख झाले की कागदावर नावं मांडून बघू. ज्या चार-पाच एकत्र बसतील त्यांचा वर्ग करू.

भाचा : आणि तोवर मी तुझ्या वर्गांची उलथापालथ करत बसू?

मावशी : पत्त्यात वर्ग नाही ना? मग उलथापालथीनं काय बिघडतं?

भाच्यानं यावर उत्तर दिलं नाही. प्लगइनचा आग्रह मात्र त्यानं सोडलेला नाही, आणि तो अगदीच वावगाही नाही. आठवड्याला तीन लेख टाकणाऱ्याची हातानं लिहिलेली यादी मागे पडते, आणि मागे पडलेली यादी दिशाभूल करते. ज्याला महिन्यातून एकदा तासभर बसून यादी नीट करणं जमणार नाही, त्यानं प्लगइन घ्यावं. फक्त लेखाची पहिली ओळ यादीत दिसणार आहे हे ध्यानात ठेवून लिहावी.

ज्यांची स्वतःची साइट आहे त्यांनी एक करून पाहावं. आपला सगळ्यात उपयोगी लेख कोणता ते ठरवा. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर त्याचा विषय शोधा, तोही आपल्या भागात बोलत नाहीत त्या नावानं. लेख सापडला, तर त्यात 'मागे सांगितल्याप्रमाणे' कुठं आहे का ते बघा, आणि मागचं बटण न दाबता तिथून आपल्या दुसऱ्या लेखापर्यंत पोचता येतं का ते बघा. नाही पोचता आलं, तर नवा लेख आठवडाभर थांबवा आणि आधी अनुक्रमणिका लिहा.